यकृत टाळून जाणारी वाट : कुत्र्यांतील जन्मजात रक्तवाहिनी-दोष आणि प्रतिमानिदानाचा इतिहास

प्रस्तावना

आधुनिक वैद्यकाच्या इतिहासात कुत्रा हा प्राणी दोन भूमिकांत दिसतो. एक प्रयोगपशूची आणि दुसरी रुग्णाची. रक्ताभिसरण, पचनक्रिया, हृदय व यकृत यांवरील शस्त्रक्रिया यांविषयीच्या ज्ञानाचा मोठा भाग प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या शरीरावर उभा राहिला. तोच प्राणी स्वतः आजारी पडल्यावर मात्र त्याच्या शरीरातील बिघाड पाहण्याची साधने त्याच्या वाट्याला फार उशिरा आली. या दोन भूमिकांमधील अंतर समजून घेण्यासाठी एका विशिष्ट विकाराचा इतिहास उपयुक्त ठरतो. पोटातील अवयवांचे रक्त यकृतातून न नेता परस्पर हृदयाकडे नेणारी जन्मजात रक्तवाहिनी, हा तो विकार होय. पशुवैद्यकात तिला 'पोर्टोसिस्टेमिक शंट' म्हणतात. प्रस्तुत लेखात 'शंट' व 'आडवाट' हे शब्द याच अर्थाने वापरले आहेत.

या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न पुढीलप्रमाणे मांडता येईल. अशी आडवाट १८७७ मध्ये शस्त्रक्रियेने कुत्र्याच्या शरीरात मुद्दाम तयार करण्यात आली. तिच्यामुळे उद्भवणारी लक्षणे १८९३ पर्यंत तपशीलवार नोंदविली गेली. असे असूनही हीच आडवाट काही कुत्र्यांत जन्मतःच असते, ही गोष्ट जिवंत प्राण्यात पद्धतशीरपणे ओळखण्यास १९७० चे दशक का उजाडावे लागले? या प्रश्नाचे उत्तर शोधणे आणि प्रतिमानिदानाच्या साधनांनी या विकाराविषयीची दृष्टी कशी बदलत नेली याचा आढावा घेणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

१. जन्मापूर्वीचे रक्तमार्ग

गर्भाला प्राणवायू व पोषण आईच्या वारेतून मिळते. त्यामुळे गर्भाच्या फुप्फुसांवर व यकृतावर जन्मानंतरचा भार नसतो आणि रक्ताचा बराचसा प्रवाह हे दोन्ही अवयव टाळून जातो. त्यासाठी निसर्गाने दोन तात्पुरत्या वाहिन्या ठेवलेल्या असतात. फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी व शरीरभर रक्त नेणारी महारोहिणी यांना जोडणारी वाहिनी म्हणजे 'डक्टस आर्टेरिओसस', तर नाळेतून आलेले रक्त यकृताच्या आतून सरळ महानीलेकडे नेणारी वाहिनी म्हणजे 'डक्टस व्हेनोसस'. जन्मानंतर थोड्याच दिवसांत या दोन्ही वाहिन्या मिटतात. त्या उघड्या राहिल्या, तर जन्मापूर्वी जी व्यवस्था जीवनदायी होती तीच व्याधी ठरते.

डक्टस व्हेनोसस उघडी राहिल्यास यकृताच्या आतील शंट निर्माण होतो. असे आतील शंट प्रामुख्याने मोठ्या आकाराच्या श्वानजातींत, उदाहरणार्थ आयरिश वुल्फहाउंडमध्ये आढळतात. यकृताबाहेरील शंट मात्र गर्भातील मार्गाचे अवशेष नसतात. भ्रूणावस्थेत शिरांची जाळी घडत असताना, एरवी स्वतंत्र राहणाऱ्या दोन शिरा एकमेकींना जोडल्या गेल्याने ते तयार होतात. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, केर्न टेरियर अशा लहान जातींत ते अधिक दिसतात. तिसरा एक दोष महारोहिणीच्या कमानीचा आहे. भ्रूणात असलेल्या कमानींपैकी डावीऐवजी उजवी कमान टिकून राहिली, तर हृदयाच्या तळाशी एक कडे तयार होते आणि अन्ननलिका त्यात अडकते.

या तीन दोषांच्या निदानाचा इतिहास सारखा नाही, आणि त्यामागे एक साधे कारण आहे. डक्टस आर्टेरिओसस उघडी असल्यास रक्त महारोहिणीतून फुप्फुसाच्या रोहिणीत अखंड वाहत राहते आणि छातीवर यंत्राच्या घरघरीसारखा सतत आवाज येतो. स्टेथोस्कोप लावणाऱ्या जाणकाराला तो चुकत नाही. उजव्या कमानीचे पिल्लू आईच्या दुधावर असेपर्यंत ठीक असते. घट्ट अन्न सुरू होताच ते खाल्लेले बाहेर टाकू लागते आणि बेरियम पाजून घेतलेल्या क्ष-किरण चित्रात हृदयाच्या पुढे फुगलेली अन्ननलिका स्पष्ट दिसते. यकृताच्या आडवाटेला मात्र आवाज नाही आणि पोटावर हात ठेवून ती कळतही नाही. पिल्लाची वाढ खुंटते, ते सुस्त असते, जेवणानंतर कधी गोल गोल फिरते, भिंतीला डोके टेकवून उभे राहते, कधी त्याला झटके येतात किंवा तात्पुरते दिसेनासे होते. ही लक्षणे मेंदूची वाटतात. दोष पोटात आहे अशी शंका यावी असे त्यांत वरकरणी काही नसते. ज्या विकाराचा पुरावा कानाला व हाताला मिळत नव्हता, त्याचे निदान डोळ्याला मदत करणाऱ्या साधनांसाठी थांबून राहिले.

२. शस्त्राने घडविलेला विकार

निकोलाय एक्क हा रशियन लष्करी शल्यचिकित्सक. यकृत घट्ट होऊन रक्ताला अडथळा निर्माण झाला की पोटात पाणी साठते. त्या रक्ताला दुसरी वाट करून दिली तर हा रोग बरा करता येईल का, असा त्याचा प्रश्न होता. सेंट पीटर्सबर्ग येथे त्याने आठ कुत्र्यांत, आतड्यांचे रक्त यकृतात आणणारी प्रवेशी नीला महानीलेला जोडली आणि यकृताकडे जाणारा तिचा भाग बांधून टाकला. १८७७ मध्ये त्याने हे प्रयोग प्रसिद्ध केले. आठांपैकी सात कुत्री काही दिवसांतच दगावली. एक सुमारे अडीच महिने जगले आणि मग प्रयोगशाळेतून पळून गेले. प्रवेशी नीलेचे रक्त थेट सर्व शरीरात सोडण्यास धोका नाही, असा निष्कर्ष एक्कने काढला. त्यानंतर त्याला युद्धावर जावे लागले व हे काम थांबले. त्याच्या नावाने ही जोडणी 'एक्क फिस्च्युला' म्हणून ओळखली जाऊ लागली.

हा निष्कर्ष खोडून काढण्याचे काम त्याच शहरात झाले. इव्हान पाव्हलोव्ह, नेन्स्की, मासेन व हान यांनी सुमारे ६० कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया केली आणि १८९३ मध्ये आपली निरीक्षणे जर्मन भाषेत प्रसिद्ध केली. जगलेली कुत्री स्वभावाने बदलली होती. ती चिडखोर झाली होती, चालताना त्यांचा तोल जाई, त्यांना झटके येत, दिसेनासे होई आणि काही बेशुद्ध होत. मांस खाल्ल्यानंतर ही लक्षणे विशेष तीव्र होत असत. काही कुत्र्यांनी तर मांस खाणेच सोडून दिले. संशोधकांनी या अवस्थेला मांसामुळे होणारी विषबाधा मानले आणि तिचा संबंध कार्बामिक आम्लाशी जोडला. आतड्यांत प्रथिनांपासून तयार होणाऱ्या अमोनियाचे यकृतात युरियात रूपांतर होते. यकृत टाळल्यास तो अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो, हे चित्र पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

आजच्या पशुवैद्याला पाव्हलोव्ह व त्याच्या सहकाऱ्यांचे हे वर्णन वाचताना आपल्यासमोरच्या रुग्णाचीच आठवण होईल. लक्षणांची यादी १८९३ मध्येच जवळजवळ पूर्ण झाली होती. तथापि ती मानवी शरीरक्रियेच्या ग्रंथांत गेली. दाराशी बांधलेल्या, जेवल्यावर भिंतीला डोके टेकविणाऱ्या कुत्र्यापर्यंत ती पोहोचली नाही, कारण या प्रयोगांतील कुत्रा माणसाच्या यकृताचा प्रतिनिधी होता. त्याच्या स्वतःच्या आजाराचा प्रश्न त्या प्रयोगशाळेत विचारलाच गेला नव्हता.

३. रक्तवाहिनी दृश्यमान होते

व्हिल्हेल्म राँटगेन याने १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. जानेवारी १८९६ मध्येच व्हिएन्ना येथे हाशेक व लिंडेनथाल यांनी एका कापलेल्या मानवी हाताच्या रक्तवाहिन्यांत क्ष-किरण अडविणारे मिश्रण भरून त्यांचे चित्र घेतले. घोड्यांच्या पायांची क्ष-किरण चित्रेही त्याच वर्षी घेतली गेली. परंतु जिवंत शरीरातील रक्तवाहिनी दिसण्यासाठी रक्तात मिसळता येईल आणि प्राणही घेणार नाही असा द्रव हवा होता.

पोर्तुगीज वैद्य एगास मोनिझ याने १९२७ मध्ये मानवी मेंदूच्या रोहिण्यांचे पहिले यशस्वी चित्रण केले. त्यापूर्वी त्याने द्रवाची चाचणी प्राण्यांवर, त्यांत कुत्र्यांवरही, घेतली होती. जर्मनीत व्हेर्नर फोर्समान याने १९२९ मध्ये स्वतःच्या हातातील शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवून क्ष-किरण चित्र घेतले आणि नंतर कुत्र्यांच्या हृदयात द्रव सोडून चित्रणाचे प्रयोग केले. या कामासाठी त्याला १९५६ मध्ये अन्य दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत रॉब व स्टाइनबर्ग यांनी १९३८ मध्ये हृदयाच्या कप्प्यांचे व मोठ्या रक्तवाहिन्यांचे चित्रण करण्याची व्यवहार्य पद्धत सांगितली. त्याच वर्षी २६ ऑगस्ट रोजी बोस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस याने सात वर्षांच्या मुलीची उघडी राहिलेली डक्टस आर्टेरिओसस बांधून जन्मजात दोषांच्या शस्त्रक्रियेचे नवे पर्व सुरू केले.

या टप्प्यात साधन तयार झाले होते आणि ते कुत्र्याच्या शरीरावर तपासूनही पाहिले गेले होते. कुत्र्याच्या आजारासाठी त्याचा उपयोग मात्र अद्याप दूर होता.

४. शवविच्छेदनाच्या टेबलापासून क्ष-किरण फिल्मपर्यंत

आडवाट निसर्गतःही असू शकते, ही गोष्ट वैद्यकाला फार पूर्वी कळली होती. लंडनचा शल्यचिकित्सक जॉन ॲबरनेथी याने १७९३ मध्ये दहा महिन्यांच्या एका मृत बालिकेच्या विच्छेदनात प्रवेशी नीला यकृतात न शिरता महानीलेला मिळाल्याचे नोंदविले होते. कुत्र्यांविषयीच्या वाङ्मयात हिकमन, एडवर्ड्स व मान यांचा १९४९ चा लेख आरंभीचा म्हणून महत्त्वाचा आहे. त्यात एका कुत्र्यातील शिरांच्या रचनादोषांचे वर्णन आहे. ही शरीररचनेतील एक नवलाची नोंद म्हणूनच शरीररचनाशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

दरम्यान मानवी वैद्यकात एक्कची कल्पना परतली होती. अन्ननलिकेतील रक्तस्राव थांबविण्यासाठी अमेरिकेत ॲलन व्हिपल व त्याच्या सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये प्रवेशी नीला महानीलेला जोडण्याची शस्त्रक्रिया रुग्णांवर सुरू केली. रक्त अशा रीतीने यकृत टाळून गेल्याने मेंदूवर होणाऱ्या परिणामांचे विवेचन लंडनमध्ये शीला शेरलॉक व सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये केले. पाव्हलोव्हच्या कुत्र्यांची लक्षणे आता माणसांत नाव धारण करून उभी होती.

पशुवैद्यकात निर्णायक पाऊल १९७४ मध्ये पडले. युइंग, सूटर व बेली यांनी प्रवेशी नीलेच्या जन्मजात दोषांमुळे कुत्र्यांत यकृताचे कार्य कमी पडते हे रुग्णांच्या आधारे मांडले. पुढच्याच वर्षी पीटर सूटर याने या दोषांच्या क्ष-किरण चित्रणावर स्वतंत्र लेख लिहिला. पोट उघडून आतड्याच्या एका बारीक शिरेत नळी घालावयाची, आयोडीनयुक्त द्रव सोडावयाचा आणि तो कोणत्या वाटेने जातो हे फिल्मवर पाहावयाचे, ही पद्धत पुढे रूढ झाली. निरोगी कुत्र्यात यकृताच्या आत झाडाच्या फांद्यांसारखे जाळे उमटते. शंट असलेल्या कुत्र्यात ते जाळे विरळ असते किंवा दिसतच नाही, आणि द्रव एका जाड वळणदार वाहिनीतून महानीलेत उतरतो. त्या एका चित्राने मंद समजल्या गेलेल्या पिल्लाच्या आजाराचे स्थान डोक्यातून पोटात आणले.

या चित्राचा पहिला उपयोग शल्यचिकित्सकाला झाला. ब्रेझनॉक याने १९७९ मध्ये कुत्र्यांतील शंटवरील शस्त्रक्रियेचा लेख प्रसिद्ध केला. बर्चर्ड, बिलर व जॉन्सन यांनी १९८९ मध्ये चित्र वाचण्याचा एक सोपा नियम सांगितला. कुत्र्याला पाठीचे तेरा मणके असतात. शंटचे मागील टोक तेराव्या मणक्याच्या पुढे असेल तर तो बहुधा यकृताच्या आत, आणि त्या मणक्याशी वा त्याच्या मागे असेल तर बहुधा यकृताबाहेर असतो. आतील शंट शोधून बांधणे अधिक अवघड असल्याने, हा फरक आधी कळणे जीव वाचविण्याच्या दृष्टीने मोलाचे होते.

बांधण्यातही धोका होता. जन्मापासून थोडेच रक्त मिळालेले यकृत लहान राहिलेले असते. वाहिनी एकदम बंद केली तर सर्व रक्त त्यावर लोटते, प्रवेशी नीलेतील दाब वाढतो आणि प्राणी दगावू शकतो. म्हणून वाहिनी हळूहळू बंद करण्याचे उपाय पुढे आले. १९९० मध्ये सेलोफेनची पट्टी गुंडाळण्याचा प्रयोग नोंदविला गेला. १९९६ मध्ये व्होग्ट व सहकाऱ्यांनी 'अमेरॉइड' कड्याचा वापर सांगितला. दुधातील केसीन दाबून केलेले हे कडे धातूच्या वेष्टनात बसविलेले असते. शरीरातील ओलावा शोषून ते आत फुगते आणि काही आठवड्यांत वाहिनी मिटते.

५. पोट न उघडता निदान

पहिल्या पद्धतीतील मोठी उणीव म्हणजे निदानासाठीच पोट उघडावे लागे. ही उणीव १९८० च्या दशकापासून क्रमाने दूर झाली. रिग्ली व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तरुण कुत्र्यांतील शंटचे सोनोग्राफीने निदान केल्याचे प्रसिद्ध केले. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजमधील ख्रिस्तोफर लॅम्ब याने १९९६ मध्ये या पद्धतीची रीतसर चाचणी मांडली. सोनोग्राफीत वाहिनीबरोबर रक्ताच्या प्रवाहाची दिशाही दिसते. परंतु तिचे यश तपासणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते आणि आतड्यांतील वायू आड येतो.

दुसरी पद्धत किरणोत्सर्गी द्रव्याची. कोब्लिक व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये टेक्नेशियमचे संयुग गुदमार्गे मोठ्या आतड्यात सोडून ते प्रथम यकृतात पोहोचते की हृदयात, हे गॅमा कॅमेऱ्याने पाहण्याची चाचणी सांगितली. निरोगी प्राण्यात यकृत आधी उजळते. शंट असल्यास हृदय आधी उजळते. शंट आहे की नाही याचे उत्तर या चाचणीतून मिळे, पण तो नेमका कोठे आहे हे तिच्यातून कळत नसे.

ते उत्तर सीटी स्कॅनने दिले. गॉडफ्री हाउन्सफील्ड याच्या यंत्राने लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या मानवी रुग्णाचे चित्रण केले होते. पशुवैद्यकीय रुग्णालयांत ही यंत्रे रुजण्यास काळ लागला. फ्रँक व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दहा निरोगी व दहा शंटग्रस्त कुत्र्यांचे, तर झ्विंगेनबर्गर, श्वार्झ व साँडर्स यांनी २००५ मध्ये आणखी काही शंटग्रस्त कुत्र्यांचे सर्पिल सीटी चित्रण प्रसिद्ध केले. झ्विंगेनबर्गर व सहकाऱ्यांच्या पद्धतीत कुत्र्याला भूल देऊन शिरेतून आयोडीनयुक्त द्रव दिला जातो. तो रोहिण्यांत असताना एकदा आणि प्रवेशी नीलेत पोहोचल्यावर पुन्हा, अशी काही सेकंदांतील चित्रे घेतली जातात. संगणकावर त्यांतून सर्व बाजूंनी फिरविता येणारी त्रिमिती आकृती तयार होते.

नेल्सन व नेल्सन यांनी २०११ मध्ये अशाच चित्रांच्या आधारे यकृताबाहेरील शंटचे सहा सर्वसाधारण प्रकार दाखविले. एकेकाळी प्रत्येक कुत्र्यात निराळी भासणारी आडवाट ठरावीक उगमापासून ठरावीक मुखापर्यंत जाते, हे त्यातून स्पष्ट झाले. शल्यचिकित्सकाला पोट उघडण्यापूर्वीच कोठे शोधावयाचे हे कळू लागले. यकृताच्या आतील शंटसाठी तर मानेतील शिरेतून नळी नेऊन धातूच्या बारीक वेटोळ्यांनी वाहिनी बंद करण्याची पद्धत पुढे आली. वाइस व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २००१ ते २०११ या काळातील अशा १०० रुग्णांचा अहवाल दिला. फोर्समानने सरकविलेल्या नळीची वंशज आता आजारी कुत्र्याच्या उपचारासाठी त्याच्या शरीरात जात होती.

६. प्रतिमा आणि वंशावळ

प्रतिमानिदानामुळे एका प्राण्याचा दोष दिसू लागला. अनेक प्राण्यांचे दोष दिसू लागल्यावर वेगळा प्रश्न समोर आला. ही पिल्ले त्याच त्या जातींत, त्याच त्या घराण्यांत का जन्मतात?

या दिशेने पहिले भक्कम काम डक्टस आर्टेरिओससविषयी झाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डोनाल्ड पॅटरसन याने १९६८ मध्ये कुत्र्यांतील जन्मजात हृदयदोष विशिष्ट जातींत केंद्रित असल्याचे दाखविले. १९७१ मध्ये त्याने व सहकाऱ्यांनी पूडल जातीच्या कुत्र्यांत हा दोष आनुवंशिक असल्याचे प्रसिद्ध केले. त्यातील एक निरीक्षण विशेष लक्षणीय आहे. काही कुत्र्यांत वाहिनी फुप्फुसाच्या बाजूने मिटलेली, पण महारोहिणीच्या बाजूने नरसाळ्यासारखी उघडी होती. अशा कुत्र्यात रक्त आडवाटेने जात नाही, छातीत आवाज येत नाही आणि प्राणी धडधाकट दिसतो. चित्रणात किंवा विच्छेदनातच हा दोष उघड होतो, आणि तरीही तो त्याच आनुवंशिक विकाराचा सौम्य प्रकार असतो. कानाला निरोगी वाटणारा हा कुत्रा पुढच्या पिढीला दोष देऊ शकतो.

शंटच्या बाबतीत हीच कथा नंतर उलगडली. मायर, रोथाउझेन व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नेदरलँड्समधील आयरिश वुल्फहाउंड कुत्र्यांत १९८४ ते १९९२ या काळात यकृतातील आनुवंशिक शंटचे प्रमाण वाढत गेल्याचे दाखविले. टोबायस व रोरबाख यांनी २००३ मध्ये १९८० ते २००२ या काळातील २,४०० शंटग्रस्त कुत्र्यांच्या नोंदी तपासून त्यांचा श्वानजातींशी असलेला संबंध मांडला. केर्न टेरियर जातीतील आनुवंशिकता २००५ मध्ये व्हान स्ट्राटेन व सहकाऱ्यांनी नोंदविली.

येथे इतिहासातील एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. लंडनमध्ये 'केनेल क्लब'ची स्थापना १८७३ मध्ये झाली आणि १८७४ मध्ये शुद्ध जातींच्या कुत्र्यांची पहिली वंशावळ-नोंदवही प्रसिद्ध झाली. एक्कचे प्रयोग तीनच वर्षांनंतर प्रसिद्ध झाले. पीटर्सबर्गमध्ये ही आडवाट शस्त्राने तयार होत असताना, पश्चिम युरोपात वंशाच्या नोंदी बंदिस्त करण्याची प्रथा मूळ धरीत होती. नोंदवहीने शंट निर्माण केला असे म्हणणे चुकीचे ठरेल. परंतु थोड्या पूर्वजांपासून, आपसातल्या संकरातून वाढविलेल्या वंशांत सुप्त दोष एकत्र येण्याची शक्यता वाढते. बाह्य रूपासाठी केलेल्या निवडीत शरीराच्या आतील वाहिन्यांकडे पाहण्याचे साधन पैदासकाराजवळ नव्हते. आज ते आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, शंटची लक्षणे १८९३ पासून ज्ञात असूनही विकाराची ओळख लांबली, याला दोन कारणे एकत्र जबाबदार होती. हा दोष जिवंत प्राण्यात कान व हात यांच्या आटोक्यात नव्हता, आणि ज्यांना ही लक्षणे माहीत होती त्यांच्यासमोर कुत्रा रुग्ण म्हणून उभा नव्हता. प्रतिमानिदानाने पहिले कारण दूर केले. पशुवैद्यकाचा स्वतंत्र विकास झाल्याने दुसरे दूर झाले.

दुसरा, प्रत्येक नव्या साधनाने प्रश्नाचे स्वरूप बदलले. क्ष-किरण चित्रणाने दोष आहे हे सांगितले, सोनोग्राफी व किरणोत्सर्गी चाचणीने ते पोट न उघडता सांगितले, सीटी स्कॅनने त्याचा नेमका मार्ग दाखविला. वंशावळींच्या अभ्यासाने या माहितीला जातीचा व घराण्याचा संदर्भ दिला.

तिसरा निष्कर्ष जबाबदारीविषयी आहे. एका पिल्लाची आडवाट शल्यचिकित्सक बंद करू शकतो. त्याच्या निरोगी दिसणाऱ्या आईवडिलांकडून पुढच्या वेतात तोच दोष येण्याची शक्यता शस्त्रक्रियेने कमी होत नाही. या विकाराची आनुवंशिकता साध्या एकजनुकीय नियमात बसत नसल्याने केवळ आजारी प्राणी पैदाशीतून वगळणे पुरेसे ठरत नाही. भावंडांच्या व पालकांच्या नोंदी ठेवणे, पिल्लांच्या रक्तातील अमोनियाची वा पित्ताम्लांची चाचणी लहान वयातच करणे आणि ते निकाल पैदासकारांनी उघड ठेवणे आवश्यक होते. पीटर्सबर्गच्या साठ कुत्र्यांच्या वेदनेतून मिळालेले ज्ञान मानवी वैद्यकाने आधी वापरले. त्या ज्ञानाची परतफेड कुत्र्याच्या जातीला करावयाची असेल, तर पडद्यावर दिसलेला दोष पैदाशीच्या नोंदवहीतही लिहिला गेला पाहिजे.